दाबाच्या पाण्याने धुलाई : थंड पाण्याचे यंत्र घ्यावे की गरम पाण्याचे ?

गोठा, कोंबडीघर, दुधाची भांडी, ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारे स्वच्छ ठेवणे हे शेतीधंद्याचे एक आवश्यक अंग आहे. स्वच्छतेच्या अभावी दूध नासते, जनावरांना कासदाह होतो, यंत्रांचे भाग लवकर झिजतात आणि एका शेतातील तण व रोग दुसऱ्या शेतात जातात. पूर्वी हे काम खराटा, काथ्या आणि बादलीभर पाणी यांवर भागत असे. अलीकडे मात्र दाबाने पाणी फेकणारी धुलाई यंत्रे खेड्यापाड्यांतून दिसू लागली आहेत. तालुक्याच्या बाजारपेठेत ती सहज मिळतात आणि त्यांकरिता कर्ज काढणारे शेतकरीही आढळतात.

ही यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एकातून पाणी जसे आत येते तसेच, म्हणजे थंड, बाहेर पडते. दुसऱ्यात ते तापवून बाहेर फेकले जाते. गरम पाण्याचे यंत्र थंड पाण्याच्या यंत्राच्या कित्येक पट महाग असते व त्याला रोजचे इंधनही लागते. विक्रेता साहजिकच महाग यंत्राची शिफारस करतो, आणि ‘गरम पाण्याने जंतू मरतात’ हे त्याचे वाक्य ऐकणाऱ्यास पटतेही. हा खर्च कोठे सार्थकी लागतो व कोठे वाया जातो, याचा विचार खरेदीपूर्वीच केला पाहिजे. त्यासाठी लागणारी माहिती या लेखात दिली आहे.

यंत्राची रचना व कार्य

दोन्ही यंत्रांचा गाभा एकच आहे. विजेची मोटर किंवा तेलावरील इंजिन दट्ट्यांचा पंप चालविते. पंप पाण्यावर दाब देतो, ते जाड रबरी नळीतून बंदुकीसारख्या मुठीत जाते आणि तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून, म्हणजे नोझलमधून, वेगाने बाहेर पडते. मळ सुटतो तो या वेगामुळे.

गावातील पाण्याची टाकी दहा मीटर उंच असली, तर तिच्या तळाशी असलेल्या नळाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. शेतीवर वापरावयाच्या साधारण धुलाई यंत्राचा दाब चौरस सेंटिमीटरला १०० किलोच्या आसपास असतो, म्हणजे एक हजार मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका. असे यंत्र मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी फेकते व त्याला सुमारे ३ अश्वशक्तीची मोटर पुरते. साध्या नळीने धुताना मिनिटाला २० ते ३० लिटर पाणी सहज वाहून जाते. हे लक्षात घेता दाबाच्या यंत्राने पाण्याची बचतच होते, आणि टंचाईच्या भागात ती बचत लहान म्हणता येणार नाही.

गरम पाण्याच्या यंत्रात पंपापुढे लोखंडी नळीचे वेटोळे बसविलेले असते. त्याखाली डिझेलची ज्योत जळते व वेटोळ्यातून जाणारे पाणी ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. जर्मनीतील कार्चर या कारखान्याने १९५० साली युरोपातील असे पहिले यंत्र तयार केले. ज्या देशांत हिवाळ्यात नळाचे पाणी ५ ते १० अंशांपर्यंत उतरते, तेथे या शोधाचे महत्त्व सहज कळण्यासारखे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात छतावरील टाकीतील पाणी दुपारी ३५ अंशांच्या आसपास असते. सबब, थंड देशांत गरम पाण्याच्या यंत्राचे जे फायदे दिसून येतात, ते तितक्याच प्रमाणात येथे मिळतील असे धरून चालू नये.

स्वच्छतेचे चार घटक

हर्बर्ट झिनर या जर्मन तज्ज्ञाने १९५९ साली धुलाईचे एक सोपे सूत्र मांडले. कोणताही मळ निघतो तो चार गोष्टींच्या जोरावर : घासणे किंवा मार, साबण-सोड्यासारखे द्रव्य, पाण्याची उष्णता, आणि भिजत राहण्याचा वेळ. यांपैकी एक घटक कमी केला, तर उरलेल्यांपैकी एखादा वाढवावा लागतो.

हे सूत्र शेतकऱ्याच्या फार उपयोगाचे आहे. या चारांत उष्णता सर्वांत महाग आहे व वेळ सर्वांत स्वस्त. वाळून खडखडीत झालेले शेण अर्धा तास भिजत ठेवले, तर थंड पाण्याच्या फवाऱ्याने ते सहज निघते. न भिजविता ताबडतोब काढावयाचे म्हटले, तर मात्र दाब वाढवावा लागतो किंवा पाणी तापवावे लागते, आणि तरीही काम मनासारखे होत नाही. म्हणून यंत्र कोणतेही असो, ‘आधी खरवडा, मग भिजवा, मग धुवा’ हा क्रम सोडू नये.

मळाची जात ओळखावी

यंत्राची निवड मळाच्या जातीवरून करावी. शेतावरील मळाचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग माती, चिखल, शेण, भुस्सा व गवताचे बी यांचा. हा मळ पाण्याने फुगतो व दाबाने सुटतो. त्याला उष्णतेची गरज नसते. रोटाव्हेटरची पाती, ट्रॅक्टरची चाके, बैलगाडी, गोठ्याची जमीन, गव्हाण ही सर्व थंड पाण्याची कामे होत. भाड्याने गावोगाव फिरणारी मळणी व तोडणी यंत्रे एका शेतातून दुसऱ्यात नेताना धुवावीत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. गाजरगवताचे बी अतिशय बारीक असते व चिखलाबरोबर यंत्राला चिकटून दूरवर जाते. ते धुऊन काढण्यास थंड पाण्याचा जोरदार फवारा पुरेसा आहे.

दुसरा वर्ग तेल, वंगण, काजळी व चरबी यांचा. येथे थंड पाणी कमी पडते. थंड पाण्याच्या माऱ्याने वंगणाचा गोळा फुटतो व त्याचे शिंतोडे शेजारच्या भागावर जाऊन बसतात. पाणी तापले की वंगण पातळ होते व साबणाच्या द्रावणात मिसळून वाहून जाते. दुधातील स्निग्धांशाचेही तसेच आहे. तो सुमारे ४० अंशांपर्यंत पूर्णपणे वितळतो. त्याखालील पाण्याने धुतलेले भांडे दिसावयास स्वच्छ, पण हाताला ओशट लागते. गरम पाण्याचे खरे क्षेत्र हे होय.

तिसरा वर्ग दूध, रक्त, अंडे यांतील प्रथिनांचा. येथे बहुतेकांची फसगत होते. अंड्याने भरलेली ताटली उकळत्या पाण्यात घातली, तर अंडे शिजून ताटलीस घट्ट बसते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. रक्ताचा डाग पडलेले कापड तिने कधी कढत पाण्यात भिजविलेले नसते. दुधातील काही प्रथिने साधारण ६५ ते ७० अंशांच्या पुढे बदलू लागतात व भांड्याच्या पृष्ठभागास चिकटतात. जड पाण्यातील क्षार त्यावर साचतात आणि दुधाचा पांढरट, दगडासारखा थर तयार होतो. या थरात जंतूंना आसरा मिळतो. म्हणून असा मळ प्रथम थंड किंवा कोमट पाण्यानेच काढावा. गरम पाणी त्यानंतर.

दुधाची भांडी कशी धुवावीत

दूधसंस्थेत दूध परत येणे ही उत्पादकाच्या दृष्टीने मोठी हानी असते. वैरण, पेंड व श्रम हा सारा खर्च होऊन गेलेला असतो आणि हाती काही येत नाही. पुष्कळदा दोष जनावरात नसून किटलीत किंवा कॅनमध्ये असतो. भांडी धुण्याचा योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे.

(१) दूध ओतून घेताच भांडे थंड किंवा कोमट पाण्याने विसळावे. दूध वाळू देऊ नये.

(२) हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, १० लिटरला सुमारे ५० ग्रॅम या प्रमाणात धुण्याचा सोडा विरघळवून, लांब दांड्याच्या ब्रशने आतून-बाहेरून घासावे. झाकणाची खाच व कानाखालची जागा विसरू नये. भांडे अॅल्युमिनियमचे असल्यास नुसता सोडा वापरू नये, कारण तो ही धातू खातो. अशा भांड्यांसाठी दूधसंघाने सुचविलेली पावडर वापरावी.

(३) स्वच्छ पाण्याने सोडा पूर्ण काढून टाकावा.

(४) भांडे उकळत्या पाण्याने किंवा वाफेने निर्जंतुक करावे. ते शक्य नसल्यास क्लोरीनचे द्रावण वापरावे. बाजारात मिळणारे चार टक्के शक्तीचे सोडियम हायपोक्लोराइट १० लिटर थंड पाण्यात ५० मिलिलिटर मिसळले, म्हणजे योग्य शक्तीचे द्रावण होते. हे द्रावण गरम पाण्यात करू नये व कोणत्याही आम्लाबरोबर मिसळू नये. आम्लाशी संयोग झाल्यास विषारी वायू सुटतो.

(५) भांडे पुसू नये. लाकडी किंवा लोखंडी घोडीवर उन्हात पालथे घालावे.

या संपूर्ण क्रमात दाबाच्या यंत्राचे काम कोठेच येत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. दहा जनावरांच्या घरी रोज फार तर ४० लिटर गरम पाणी भांड्यांसाठी लागते. ते घरच्या बंबात, चुलीवर किंवा सूर्यबंबात तापविता येते. छतावरील साधा सूर्यबंब ६० अंशांच्या आसपास पाणी देतो व इंधनाचा खर्च मागत नाही.

गरम फवारा म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे

यंत्राच्या मापकावर ८० अंश हा आकडा दिसतो. तो वेटोळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. नोझलमधून सुटताच त्या पाण्याचे बारीक तुषार होतात व हवेतून जाताना ते झपाट्याने निवतात. भिंतीवर पोहोचेपर्यंत त्यांची उष्णता बरीच कमी झालेली असते. शिवाय दगड, विटा व सिमेंट यांचे वस्तुमान मोठे असते. त्यांच्यावर क्षणभर पडलेल्या गरम पाण्याने ती तापत नाहीत. जंतू मारावयाचे तर उष्णता काही मिनिटे एकाच जागी टिकली पाहिजे. फवारा मात्र एका जागी एक-दोन सेकंदांपेक्षा अधिक राहत नाही.

जंतूंचा नाश करण्याचे काम धुलाईनंतर, पृष्ठभाग निथळल्यावर, जंतुनाशक द्रव्याने करावे. मळ शिल्लक असेल तर जंतुनाशकाची शक्ती त्या मळातच खर्च होते. म्हणून धुलाई आधी व जंतुनाशक नंतर, असा नियम आहे. लाळ्या-खुरकुताच्या साथीनंतर गोठ्यासाठी धुण्याच्या सोड्याचे चार टक्के द्रावण, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम, उपयुक्त ठरते. हे द्रव्य कोणत्याही किराणा दुकानात मिळते व गरम पाण्याच्या यंत्राच्या मानाने त्याचा खर्च नगण्य आहे.

साथीच्या काळात आणखी एक सावधगिरी घ्यावी. दाबाच्या फवाऱ्याने बारीक तुषार उडतात व त्यांबरोबर रोगजंतूही हवेत पसरतात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ साली बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक झाला, तेव्हापासून कोंबडीघरांच्या स्वच्छतेकडे विशेष लक्ष वेधले गेले आहे. रोगाची शंका असलेल्या शेडमध्ये कोणीही परस्पर यंत्र चालवू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रथम कळवावे व त्यांच्या सूचनेप्रमाणे काम करावे.

इंधनाचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. मिनिटाला १० लिटर, म्हणजे तासाला ६०० लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांवर न्यावयाचे, तर ६०० गुणिले ५५, म्हणजे ३३,००० किलोकॅलरी उष्णता हवी. एक लिटर डिझेल जळून सुमारे ८,६०० किलोकॅलरी मिळतात. त्यांतील काही धुराड्यातून निघून जातात. पाण्यास सुमारे ७,३०० लाभतात असे धरले, तर तासाला सुमारे साडेचार लिटर डिझेल लागते. हीच उष्णता विजेने द्यावयाची म्हटल्यास तासाला ३८ युनिट वीज खर्च होईल. शेतावरील सामान्य जोडणी एवढा भार सोसू शकत नाही.

दहा जनावरांचा गोठा धुण्यास रोज अर्धा तास लागतो, असे समजू. डिझेल लिटरला ९० रुपये व वीज युनिटला ८ रुपये धरून पुढील आकडे निघतात. (आपल्या गावच्या दराप्रमाणे ते बदलून घ्यावेत.)

थंड पाण्याचे यंत्र : पाणी ३०० लिटर, वीज सुमारे सव्वा युनिट, रोजचा खर्च सुमारे १० रुपये, महिन्याचा सुमारे ३०० रुपये.

गरम पाण्याचे यंत्र : पाणी ३०० लिटर, वीज तेवढीच, शिवाय डिझेल सव्वादोन लिटर. रोजचा खर्च सुमारे २१० रुपये, महिन्याचा सुमारे ६,३०० रुपये.

या हिशेबात यंत्राची किंमत, कर्जाचे व्याज व दुरुस्ती धरलेली नाही. शेणाने भरलेली जमीन थंड पाण्याने तितकीच स्वच्छ होत असता, दरमहा सहा हजार रुपये ज्योतीत घालण्यास काही आधार उरत नाही. दहा जनावरांच्या धंद्यात एवढी रक्कम म्हणजे कित्येकदा नफा आणि तोटा यांमधील अंतर असते.

तापवावयाचे ते भांड्यांचे ४० लिटर पाणी, जमिनीचे ३०० लिटर नव्हे. ज्याला दोन्ही कामे करावयाची आहेत त्याने थंड पाण्याचे यंत्र व एक सूर्यबंब अशी जोडी करावी.

पाण्याचा जडपणा

महाराष्ट्रातील काळ्या दगडाच्या प्रदेशात पुष्कळ विहिरी व विंधनविहिरींचे पाणी जड असते. साबणास फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही व तपेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, ही त्याची ओळख. असे पाणी तापले की त्यातील क्षार वेटोळ्याच्या आत साचतात. नळीचे तोंड अरुंद होते, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, डिझेल अधिक जळते आणि शेवटी वेटोळे फुटते किंवा बदलावे लागते. जड पाण्याच्या गावी गरम पाण्याचे यंत्र घ्यावयाचे असेल, तर पाणी मृदू करण्याची सोय व ठराविक काळाने वेटोळे आम्लाने साफ करण्याची व्यवस्था आधी करावी. थंड पाण्याच्या यंत्राला हा त्रास फारसा होत नाही. त्याला बाधते ती वाळू. म्हणून पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी अवश्य असावी व ती आठवड्यातून एकदा धुवावी.

थंड पाण्याच्या यंत्राला बंबातील कढत पाणी जोडण्याचा मोह काहींना होतो. बहुतेक थंड यंत्रांना ४० अंशांपर्यंतचेच पाणी चालते, काहींना ६० अंशांपर्यंत. ही मर्यादा यंत्रावरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. तिच्यापुढील पाण्याने पंपातील रबरी कड्या मऊ पडून गळती सुरू होते.

कोणी कोणते यंत्र घ्यावे

लहान दूध उत्पादक : गोठ्यास सिमेंटचा कोबा नसेल, तर कोणतेच यंत्र घेऊ नये. मुरमाच्या जमिनीत फवाऱ्याने खळगे पडतात, त्यांत मूत्र साचते व माश्या वाढतात. ती रक्कम प्रथम कोब्यावर खर्च करावी. कोब्याला दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार द्यावा. त्यानंतर एका लहान थंड पाण्याच्या यंत्राने काम भागते.

कोंबडीपालक : एक तुकडी गेल्यावर शेडमधील तुसाची गादी उचलावी, कोरडे झाडावे, साबणाच्या द्रावणाने कमी दाबावर भिजवावे, अर्ध्या तासाने वरून खाली धुवावे, पूर्ण वाळवावे व मग जंतुनाशक फवारावे. हे काम थंड पाण्याने होते. एखाद्या तुकडीनंतर ओशट थर फारच चिवट वाटला, तर तेवढ्या दिवसापुरते गरम पाण्याचे यंत्र भाड्याने आणावे. वर्षातून पाच-सहा दिवसांच्या कामासाठी ते विकत घेणे परवडत नाही.

ट्रॅक्टरधारक शेतकरी : चिखलमातीसाठी थंड पाणी. गिअरपेटी किंवा इंजिन उघडण्यापूर्वी वंगण काढावयाचे असेल, तर डिझेलात बुडविलेल्या ब्रशने घासून, साबणाचे पाणी लावून मग धुवावे. हे काम वर्षातून एक-दोनदाच निघते.

दुरुस्तीची कार्यशाळा, अवजार बँक, ऊसतोडणी यंत्रांचे मालक : येथे वंगणाचे काम रोजचे असते, मजुरीचे तास वाचतात व यंत्र रिकामे राहत नाही. गरम पाण्याचे यंत्र अशा ठिकाणी आपला खर्च भरून काढते.

दूधसंस्था व शीतकेंद्रे : फरशी, कॅन ठेवण्याचे ओटे व टँकरची बाहेरची बाजू यांवर रोज स्निग्धांश सांडतो. येथेही गरम पाण्याची गरज आहे. तथापि, कोमट विसळणी प्रथम, हा नियम येथेही लागू आहे.

एका गावात दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एक गरम पाण्याचे यंत्र ठेवून ते भाड्याने दिले, तर प्रत्येकाची अधूनमधूनची गरज भागते आणि कर्जाचा बोजा कोणा एकावर पडत नाही.

फवारणीचा पंप धुलाईस वापरावा काय ?

द्राक्ष व डाळिंबाच्या भागात पुष्कळांकडे एचटीपी पंप असतो. त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला २० ते ४० किलो असतो व पाणी भरपूर मिळते. ट्रॅक्टर व अवजारे धुण्यास तो चांगला उपयोगी पडतो, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याला अवजारांसाठी निराळे यंत्र घेण्याची गरज नाही. परंतु ज्या पंपातून व नळीतून कीटकनाशक गेले आहे, तो गोठा, गव्हाण किंवा कोंबडीघर यांसाठी कदापि वापरू नये. नळीच्या रबरात औषधाचा अंश मुरलेला असतो. तो गव्हाणीतून जनावराच्या पोटात व तेथून दुधात उतरू शकतो.

वापरताना घ्यावयाची काळजी

दाबाचा फवारा खेळण्याची वस्तू नाही. जवळून लागलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत मळ व पाणी खोलवर गेलेले असते. अशी जखम किरकोळ समजून घरी हळद लावून बसू नये. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व धार दाबाच्या यंत्राची होती हे डॉक्टरांना सांगावे. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याचा प्रसंग येतो.

गरम पाण्याच्या यंत्रात भाजण्याचा धोका अधिक आहे. काम चालू असता मुलांना जवळ येऊ देऊ नये. जनावरांवर, विशेषतः कासेवर, फवारा कधीही मारू नये. धारा काढताना जमीन धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर घाण दुधात जाते.

यंत्राला अर्थिंग असावे व जोडणीवर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. ओल्या जमिनीवर जोडवायर पसरू नये. ज्योतीचे किंवा इंजिनाचे यंत्र बंद खोलीत चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

टायर, रेडिएटरची जाळी, विजेचे भाग व बेअरिंगची तोंडे यांवर जवळून धार मारू नये. निदान एक हात अंतर ठेवावे. धुलाईनंतर ग्रीसच्या जागी पुन्हा ग्रीस भरावे. गरम पाण्याने ते लवकर निघून जाते.

वाहून जाणाऱ्या पाण्याचाही विचार करावा. शेण आधी उचलून उकिरड्यात किंवा गोबर गॅस संयंत्रात टाकावे. ते धुऊन नाल्यात सोडणे म्हणजे खत फेकून देणे होय. फिनेल किंवा क्लोरीनचे पाणी गोबर गॅस संयंत्रात जाऊ देऊ नये. त्यामुळे गॅस तयार करणारे जंतू मरतात. वंगणाचे पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे न सोडता खड्ड्यात अडवावे व वर तरंगणारे तेल वेगळे काढावे.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

दाबाबरोबर दर मिनिटाचे पाणीही विचारावे. दाब मोठा व पाणी थोडे असेल, तर घट्ट मळ सुटतो, पण तो वाहून जात नाही. गोठ्यासाठी मिनिटाला १० लिटर तरी हवे. आपल्या जोडणीवर मोटर चालेल काय, आणि ज्या तासांना वीज असते त्या तासांना गोठा धुण्याची वेळ जुळते काय, हे पाहावे. रबरी कड्या, नोझल व नळी तालुक्याच्या गावी मिळतात काय, याची चौकशी करावी. एका कडीसाठी दूरच्या शहरी जावे लागणारे यंत्र स्वस्त पडत नाही. शेवटी, विक्रेत्याने यंत्र दुकानात न दाखविता आपल्या गोठ्यात, आपल्या पाण्यावर चालवून दाखवावे, असा आग्रह धरावा.

कार्यकर्त्यांनी करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना या विषयाचे एक साधे प्रात्यक्षिक बिनखर्चात करता येईल. पत्र्याचे सहा तुकडे घ्यावेत. दोहोंवर शेण, दोहोंवर ग्रीस व दोहोंवर फेटलेले अंडे लावून ते आदल्या दिवशी वाळू द्यावेत. सभेच्या वेळी प्रत्येक जोडीतील एक तुकडा थंड पाण्यात व दुसरा कढत पाण्यात थोडा वेळ भिजवून ब्रशने घासावा. शेण दोहोंवरून निघते. ग्रीस गरम पाण्यात सुटते, थंडात राहते. अंडे कढत पाण्यात शिजून बसते व थंडात निघते. एवढे पाहिल्यावर यंत्र कोणत्या कामाला लागणार हे गावकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर फळ्यावर इंधनाचा हिशेब गावच्या दराने मांडून दाखवावा व कर्जाचा अर्ज करू इच्छिणाऱ्यास तो स्वतः पुन्हा करावयास सांगावा.

थोडक्यात, माती व शेण यांसाठी थंड पाणी, वंगण व स्निग्धांश यांसाठी गरम पाणी, आणि दूध, रक्त, अंडे यांसाठी आधी थंड व मग गरम पाणी, हा नियम ध्यानात ठेवावा. रोज जे काम निघते त्यासाठी यंत्र विकत घ्यावे. वर्षातून चार वेळा जे निघते त्यासाठी ते भाड्याने आणावे. अशा रीतीने वाचलेले पैसे कोबा, सूर्यबंब किंवा चांगली वैरण यांवर लावल्यास गोठा स्वच्छ राहील आणि धंद्यासही बळकटी येईल.